कापड वाळले, हे यंत्राला कसे कळते? वेळेआधी थांबणाऱ्या ड्रायरचा इतिहास

१/
आजचा धागा एका घरगुती कोड्यापासून सुरू होतो. धुतलेले कपडे ड्रायरमध्ये घातले, दार लावले, कळ दाबली. यंत्र वीस-पंचवीस मिनिटे फिरले आणि घंटी वाजवून मोकळे झाले. दार उघडून पाहावे तो टॉवेल सर्द आणि जीन्सचा कमरपट्टा ओलाच. यंत्राच्या मते काम संपले. हाताच्या मते अर्धेही झालेले नाही. दोघांपैकी खोटे कोण बोलते? खरे पाहता कोणीच नाही. यंत्राने हाती आलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढला, पण तो पुरावाच फसवा होता. हा पुरावा कोणी शोधला आणि तो फसवा कसा ठरू लागला, याची ही सुमारे अडीचशे वर्षांची कथा.

२/
प्रथम आपल्या हाताविषयी. पावसाळ्यात दांडीवरचे कपडे काढताना आपण ते चाचपतो. घरातील वडीलधाऱ्या बाया तर कापड गालाला लावून पाहतात. परंतु मानवी त्वचेत ओलावा ओळखणारे स्वतंत्र ज्ञानेंद्रियच नाही. आपल्याला जाणवतो तो गारवा आणि कापडाचा जडपणा, चिकटपणा. त्यावरून मेंदू ‘ओले आहे’ असे अनुमान करतो. म्हणूनच थंडीत पूर्ण वाळलेला सदराही कधी कधी ओलसर वाटतो. तेव्हा हातही अनुमानच करतो. फरक इतकाच, की तो काख, शिवण, खिसा अशा दहा ठिकाणी साक्ष घेतो. यंत्राच्या वाट्याला मात्र बहुधा एकच साक्षीदार येतो.

३/
आरंभीच्या यंत्रांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण ती स्वतः थांबत नव्हती. इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्समधील पोशॉं नावाच्या गृहस्थाने भोके पाडलेल्या धातूच्या पिंपात ओले कपडे भरून ते विस्तवावर हाताने फिरवण्याची युक्ती काढली. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे आणि लक्ष चुकले तर ते करपत. केव्हा थांबायचे हे दांडा फिरवणाऱ्यानेच ठरवायचे होते. यंत्राकडे बळ सोपवले गेले होते, निर्णय नव्हे. पुढील शतकभराचा इतिहास हा निर्णय माणसाच्या हातून हळूहळू यंत्राकडे कसा गेला याचा आहे.

४/
७ जून १८९२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डेटन शहरातील जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला पेटंट क्रमांक ४,७६,४१६ मिळाले. त्याच्या रचनेत उघडा विस्तव नव्हता. घरातील स्टोव्हच्या आसपास कपडे टांगता यावेत अशी ती चौकट होती आणि काम झाल्यावर ती बाजूला सारता येई. धूर टळला, आगीची धास्ती कमी झाली. दासप्रथा संपून अवघी २७ वर्षे झाली असताना एका कृष्णवर्णीय माणसाच्या नावे हे पेटंट नोंदले जाणे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तरीही वाळले की नाही, हे अजून हातच सांगत होता.

५/
आता थोडे मागे, स्कॉटलंडमधील ग्लासगोला जाऊ. ड्रायरला लागणारी पहिली किल्ली तिथे घडली. १७६० च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक याने ‘अप्रकट उष्म्या’चा सिद्धान्त मांडला. पाणी वाफ होत असताना कितीही उष्णता दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही; ती सारी उष्णता पाण्याचे रूप पालटण्यात खर्ची पडते. कापडातील एक लिटर पाणी घालवायला आजच्या हिशेबाने सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. याचा आपल्या विषयाशी संबंध असा: कापडात पाणी भरपूर आहे तोवर ते फारसे तापत नाही. पाणी संपत आले की तापमान झपाट्याने चढू लागते. ही चढण म्हणजेच कापड वाळल्याची खूण.

६/
खूण मिळाली, ती वाचणारा हवा होता. १८ व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील घड्याळजी जॉन हॅरिसन सागरी घड्याळावर काम करत होता. उष्णतेने घड्याळाची गती बिघडू नये म्हणून त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. दोन्ही धातू उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून जोडपट्टी वाकते. हीच द्विधातू पट्टी. जहाजावर रेखांश शोधण्याच्या खटपटीतून जन्मलेली ही पट्टी पुढे कोट्यवधी घरांतील यंत्रांत जाऊन बसली.

७/
पुन्हा ग्लासगो. तिथे जन्मलेला आणि तिथेच अध्यापन केलेला रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर याने १८३० मध्ये द्विधातू पट्टीवर चालणाऱ्या तापनियंत्रकाचे पेटंट घेतले. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव त्याचेच. ‘उष्णता’ आणि ‘स्थिर’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. कापडगिरण्यांना स्थिर तापमानाची निकड होती आणि यूर हा गिरणी-व्यवस्थेचा कडवा समर्थक होता. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणीत कापड विणताना जी पट्टी उपयोगी पडली, तीच शंभर वर्षांनी ते कापड घरी वाळवताना कामी येणार होती.

८/
ड्रायर मात्र गिरणीत नव्हे, बर्फात जन्मला. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील नॉर्थ डकोटात हिवाळी पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. दोरीवर टाकलेली चादर क्षणात फळीसारखी ताठ होते आणि बोटे बधिर पडतात. जे. रॉस मूर या तेथील रहिवाशाने आधी शेड बांधून आत स्टोव्ह पेटवला, मग फिरता ड्रम बसवला आणि अनेक वर्षे सुधारणा करत राहिला. अखेर विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्याची कल्पना उचलली. छापखान्यांसाठी लाकडी टाइप बनवणारी म्हणून ही कंपनी नावाजलेली होती. १९३८ मध्ये त्यांचा ड्रायर बाजारात आला. नाव ठेवले ‘जून डे’, म्हणजे बर्फाळ मुलखात विकत घेता येणारा जून महिन्यातला दिवस!

९/
हा ड्रायर घडवताना कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स या मिलवॉकीच्या आरेखकाला बोलावले. त्याचे म्हणणे असे, की हा नुसता पत्र्याचा डबा आहे. आत काय चालते हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? दाराला काच बसवा आणि दुकानात त्यात भडक रंगाच्या चड्ड्या फिरत ठेवा. काच बसली आणि विक्रीला हातभार लागला. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातील विनोद टिपावा. काचेतून कपडे फिरताना दिसतात; वाळताना दिसत नाहीत. जी गोष्ट जाणून घ्यायची, ती डोळ्याला अदृश्यच राहिली.

१०/
सुरुवातीची सोय सोपी होती: टायमर. चाळीस मिनिटे लावा, चाळीस मिनिटे फिरेल. पण पातळ सदरे करपत आणि जाड टॉवेल ओले राहत. मग यूरची पट्टी कामाला आली. एक चतुर जोडणी अशी: ड्रममधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसवला. हवा ठरावीक तापमानाला पोचली की तो हीटर बंद करतो आणि हीटर बंद असतानाच टायमरचा काटा पुढे सरकतो. कापड ओले असता हवा तापत नाही, हीटर चालू राहतो आणि काटा थबकतो. कापड वाळत आले की हीटर वारंवार बंद होतो, काटा सरकतो आणि शेवटी यंत्र थांबते. ब्लॅकचा सिद्धान्त आणि हॅरिसनची पट्टी असे एका डब्यात नांदू लागले.

११/
पण हा साक्षीदार कोरडेपणा सांगत नाही. तो फक्त तापमान सांगतो. तापमान दुसऱ्या कारणाने चढले तर? कपड्यांतून बारीक तंतू सुटतात. त्यांना लिंट म्हणतात. ते जाळीत आणि बाहेर हवा सोडणाऱ्या नळीत साचतात. वाट तुंबली की गरम हवा आतच कोंडते, थर्मोस्टॅटला ती चढण खरी वाटते आणि ओले कपडे आत असतानाच काटा पुढे जातो. वेळेआधी थांबण्याचे हे सर्वांत जुने कारण. ते क्षुल्लकही नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी काढलेल्या अंदाजानुसार तेथील घरांत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत. त्यांत सरासरी ५ मृत्यू आणि १०० जण जखमी. सर्वांत मोठे कारण एकच: साफसफाई न करणे. यंत्राचे अवेळी थांबणे ही कधी कधी आगीआधीची सूचना असते.

१२/
१९६० च्या आसपास अमेरिकी उत्पादकांनी दुसरा साक्षीदार उभा केला: वीज. ओले कापड वीज वाहून नेते, कोरडे बहुतेक नेत नाही. शुद्ध पाणी खरे तर फारच दुर्बल वाहक आहे. नळाच्या पाण्यातील क्षार आणि साबणाचा उरलेला अंश यांमुळे धुतलेले कापड वाहक बनते. ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि त्यांना अत्यल्प वीजदाब द्यायचा. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की क्षणभर प्रवाह वाहतो. आज बहुतेक ड्रायरमध्ये लिंटच्या जाळीजवळ किंवा ड्रमच्या आतल्या कडेला दिसणाऱ्या दोन चकचकीत पट्ट्या त्याच.

१३/
आधुनिक यंत्राचे गणित साधारण असे चालते. कपडे फिरताना पट्ट्यांना वारंवार स्पर्श करतात. नियंत्रक ‘ओला स्पर्श’ किती वेळा झाला हे मोजत राहतो. आरंभी असे स्पर्श भरपूर होतात, हळूहळू ते विरळ होतात. संख्या ठरावीक पातळीखाली गेली की यंत्र समजते, ‘वाळले’. मग निवडलेल्या पातळीनुसार थोडा वेळ अधिक फिरून थांबते. ही साक्ष तापमानापेक्षा पुष्कळ थेट आहे. पण तिच्यात एक खोच राहिली. ‘कापड कोरडे आहे’ आणि ‘पट्टीला काही जाणवले नाही’ या दोन निराळ्या गोष्टी यंत्राला एकसारख्याच ऐकू येतात. मौन हा पुरावा मानला, की घोटाळा अटळ.

१४/
आणि पट्टीचे तोंड बंद करणारी वस्तू लवकरच बाजारात आली. कपडे मऊ करणारे द्रव्य तोवर धुलाईच्या शेवटच्या खळबळीत घालावे लागे, म्हणजे नेमक्या वेळी धावत जाऊन यंत्राशी उभे राहणे आले. कॅलिफोर्नियातील कॉनरॅड गायझर याने पत्नीची ही धावपळ वाचावी म्हणून ते द्रव्य कापडाच्या तुकड्यावर बसवले. तो तुकडा थेट ड्रायरमध्ये टाकायचा. उष्णतेने द्रव्य वितळून कपड्यांवर पसरते. १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने हे हक्क घेतले आणि १९७० च्या दशकात ‘बाउन्स’ हे नाव अमेरिकी घराघरांत पोचले.

१५/
ते द्रव्य फक्त कपड्यांवर पसरत नाही. ड्रममध्ये फिरताना त्याचा पातळ मेणचट थर पट्ट्यांवरही चढतो. हा थर विद्युतरोधक असतो. महिन्यांमागून महिने तो साचत जातो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला जेमतेम जाणवतो. मग ओला टॉवेल पट्टीला टेकला तरी प्रवाह वाहत नाही. यंत्र म्हणते, ‘कोरडे’, आणि थांबते. एका संशोधनाने यंत्राला जाणीव दिली. दहाएक वर्षांनी आलेल्या दुसऱ्याने ती बधिर केली. दोघांचा हेतू एकच होता: घरातील बाईचे कष्ट वाचवणे. ज्या पाण्यात क्षार फार, तिथे क्षारांचा पापुद्राही हेच काम करतो.

१६/
काही वेळा साक्षीदार निरोगी असतो, पण त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही. दोन-तीनच कपडे टाकले तर ते पट्ट्यांना क्वचित टेकतात. मोठ्या चादरीचा बोळा झाला तर बाहेरचा पदर वाळतो आणि आतला भाग ओलाच राहतो. सिंथेटिक सदरे आणि जाड जीन्स एकत्र टाकल्या तर लवकर वाळणारे सदरेच पट्ट्यांशी खेळत राहतात आणि यंत्र त्यांच्या साक्षीवर सगळ्यांचा निकाल लावते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. दरबारातील चार जणांच्या पत्रांवरून सगळ्या रयतेचे हाल-हवाल ठरवावे, तसाच हा प्रकार.

१७/
आता सरकारी कागदपत्रांतील एक नवल पाहा. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरगुती यंत्रांच्या वीजवापराची अधिकृत चाचणी सुरू झाली. ड्रायरच्या चाचणीत यंत्राला स्वतः थांबूच दिले जात नसे. कपडे जवळजवळ वाळले की परीक्षक यंत्र बंद करी आणि आकड्याला एका ठरीव गुणकाने गुणले जाई: टायमरच्या यंत्राला १.१८, आपोआप थांबणाऱ्याला १.०४. म्हणजे यंत्र नीट थांबते हे तपासले जात नव्हते; गृहीत धरले जात होते. ऑगस्ट २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत पहिल्यांदा यंत्राला आपल्या बुद्धीने थांबू दिले. कपड्यांत आरंभी ५७.५ टक्के ओलावा, आणि यंत्र थांबेल तेव्हा २ टक्क्यांहून अधिक नको. ज्या गुणाचा इतका बोलबाला होता, त्याची परीक्षा अशी तीन दशकांहून अधिक काळाने झाली.

१८/
परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांच्या घरी हे यंत्र आहे आणि ज्यांचे कपडे या क्षणी ओले आहेत, त्यांच्यासाठी हा इतिहास आता तपासाच्या कामी लावू. पहिली कसोटी उलटतपासणीची. तेच ओले कपडे ‘आपोआप’ ऐवजी ‘ठरावीक वेळ’ या पर्यायावर फिरवा. नीट वाळले, तर हीटर आणि हवा ठीक आहेत. दोष सेन्सरकडे किंवा कपडे भरण्याच्या पद्धतीकडे आहे. पूर्ण वेळ फिरूनही ओलेच राहिले, तर सेन्सर निर्दोष. हवेची वाट किंवा हीटर तपासा. आणि या पर्यायावरही यंत्र घंटी न वाजवता मध्येच गप्प झाले, तर गोष्टच निराळी. ते ‘झाले’ म्हणत नाही, दमून बसते. मोटर तापली असेल किंवा दाराची कळ सैल झाली असेल. तिथे कारागीरच बोलवावा.

१९/
सेन्सरवर संशय असेल तर यंत्राचा प्लग काढा आणि ड्रम गार होऊ द्या. कापसाच्या बोळ्यावर पांढरे व्हिनेगर किंवा रबिंग अल्कोहोल घेऊन दोन्ही पट्ट्या पुसा, कोरड्या करा. अल्कोहोल वापरले असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत यंत्र सुरू करू नका. पट्ट्यांवर घासणी वा पॉलिश पेपर चालवू नका. ओरखड्यांत थर अधिकच धरतो. लिंटची जाळी प्रत्येक वेळी साफ करा. तिच्यावरही मेणचट थर बसतो, म्हणून अधूनमधून ती साबणाने धुऊन, वाळवून परत बसवा. बाहेरची नळी वर्षातून एकदा तरी मोकळी करा. जाड आणि पातळ कपडे वेगळे टाका. कपडे थोडेच असतील तर जोडीला एक-दोन ओले टॉवेल द्या. कोरडेपणाची पातळी एक पायरी वाढवून पाहा. एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात.

२०/
शेवटी कष्टांचा हिशेब. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की घरगुती यंत्रे आली तरी गृहिणीचे काम अपेक्षेइतके घटले नाही. स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि जी कामे पूर्वी इतर जण वाटून घेत, तीही तिच्याच अंगावर आली. ड्रायरने थंडीतली दोरी सोडवली, हे खरेच. पण धुलाईच्या पाळ्या वाढल्या, आणि यंत्र थांबले की उठून कपडे चाचपणारा हात बहुधा तोच राहिला. निर्णय यंत्राकडे सोपवला असे आपण म्हणतो. तो निर्णय तपासण्याचे काम मात्र कोणीतरी अजून करतेच आहे, आणि त्या कामाची मोजदाद कुठल्याही चाचणीत नाही.

२१/
म्हणून या धाग्याचे सार एवढेच. ड्रायरने कोरडेपणा आजवर कधीही पाहिलेला नाही. त्याने आधी हवेचे तापमान वाचले, मग विजेचा स्पर्श. दोन्ही खुणा आहेत, वस्तुस्थिती नव्हे. नळी तुंबली की पहिली खूण फसवते आणि थर चढला की दुसरी मुकी होते. इतिहासाचे साधन वाचतानाही हाच विवेक हवा: साक्षीदार काय सांगतो याआधी त्याला काय जाणवू शकते, आणि तो गप्प असेल तर का गप्प आहे, हे विचारावे. पुढच्या वेळी यंत्राने ‘झाले’ म्हटले आणि टॉवेल ओला निघाला, तर यंत्राला शिव्या देण्याआधी त्या दोन पट्ट्यांवरून बोट फिरवून पाहा. अडीचशे वर्षांची खटपट तिथे बोटभर लांबीत थांबलेली असेल.

धागा समाप्त. तुमच्या घरी कोणता साक्षीदार फसवा निघाला, ते जरूर कळवा.